सँडरला पिशवी आहे, व्हॅक्यूमही आहे, तरी धूळ का उडते?

बेळगावच्या वडगाव भागात, यंत्रमागांच्या खडखडाटाला लागूनच आमचे सुतारकामाचे छोटे वर्कशॉप आहे. सँडिंगची, म्हणजे मशीनच्या पॅडवर घासकागद लावून लाकूड गुळगुळीत करतानाची, धूळ ही आमच्याकडे अनेकदा सुटलेली आणि तितक्याच वेळा परत आलेली समस्या होती. नवी पिशवी घेतली की पंधरा दिवस बरे जायचे, नवे मशीन घेतले की महिनाभर, आणि मग एखाद्या सकाळी मेलामाइन पॉलिश मारलेल्या देव्हाऱ्यावरून हात फिरवला की तीच जुनी खरखर बोटांना लागायची. शेवटी शेजारच्या अण्णांनी मागावरच्या ताण्यावर बसलेली पिवळसर भुकटी बोटावर घेऊन मला दाखवली. त्यांनी शब्दही वावगा काढला नाही, पण मी भिंतीत बसवलेला एक्झॉस्ट पंखा थेट त्यांच्या खिडकीकडे तोंड करून होता, हे मला त्याच दिवशी पहिल्यांदा नीट दिसले. पंखा बंद केला, तेव्हा त्यांची धूळ थांबली आणि आमची दुप्पट झाली.

त्यानंतर दोन-तीन महिने एकेक गोष्ट बदलून पाहिल्यावर जे लक्षात आले, ते असे की धूळ ओढण्याचे काम सँडर एकटा करत नाही. कागदावरची भोके, पॅडवरची भोके, सँडरच्या पोटातला पंखा, मागचे तोंड, नळी, व्हॅक्यूम आणि त्यातला फिल्टर अशी ती साखळी आहे, आणि आपण नवे मशीन विकत घेतो तेव्हा तिच्यातल्या दोन-तीनच कड्या बदलतो. बिघाड बहुतेक वेळा उरलेल्या कड्यांत असतो, म्हणून महिनाभराने धूळ परत येते. त्यामुळे दुकानात जाण्याआधी हातात असलेले मशीन तपासून घ्यावे, असे माझे मत आहे.

मात्र एक अपवाद आधीच सांगून टाकतो. चार इंची ग्राइंडरला वेल्क्रोचे पॅड किंवा फ्लॅप डिस्क लावून जे काम आपल्याकडे सर्रास चालते, त्यात तपासण्यासारखे काही नसते. मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेणारी उघडी चकती धूळ कडेने भिरकावते आणि तिला झाकण्यासाठी कवच नसेल, तर कोणताही व्हॅक्यूम मागून धावून तिला पकडू शकत नाही. खरबरीत ओंडका साफ करायला ग्राइंडर ठीक आहे, तोही अंगणात. फर्निचरच्या पृष्ठभागासाठी त्याच्यावर विसंबू नये.

तपासणीची पद्धत

काळ्या सनमायकाचा हातभर तुकडा टेबलापासून एक मीटरवर आडवा ठेवावा. सागवानाची एकच फळी १२० नंबरच्या कागदाने बरोबर पाच मिनिटे घासावी, मशीन थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी, कारण बारीक धूळ खाली बसायला वेळ घेते, आणि मग त्या तुकड्यावर बोटाने रेघ ओढावी. रेघ किती उठून दिसते ते मोबाइलवर फोटो काढून ठेवावे. त्यानंतर एकच गोष्ट बदलून तोच प्रयोग पुन्हा करावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाचा आला ते कळत नाही, आणि माझे पहिले कित्येक दिवस याच घाईत वाया गेले. दिवे मालवून बॅटरीचा झोत आडवा मारला की धूळ नेमकी कुठून निसटते तेही दिसते, पॅडच्या कडेने, जोडातून की व्हॅक्यूमच्या मागून. झोतात काही दिसले नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असे मात्र समजू नये. फुफ्फुसांत खोलवर जाणारे कण चार-पाच मायक्रॉनच्याही खालचे असतात आणि सुटा कण म्हणून तो डोळ्याला दिसत नाही.

भोके जुळतात का?

आमच्याकडची पहिली चूक सर्वांत स्वस्त निघाली. १२५ मिलिमीटरच्या सँडरचे पॅड आठ भोकांचे होते, आणि मी एकदम घाऊक घेतलेल्या डिस्कना, म्हणजे पॅडवर चिकटवायच्या गोल घासकागदांना, भोकेच नव्हती. भाव चांगला मिळाला म्हणून घेतलेला तो गठ्ठा म्हणजे नळीच्या तोंडात बोळा घालण्याचाच प्रकार होता. भोके असलेली डिस्कसुद्धा घाईत थोडी फिरवून चिकटवली की प्रत्येक भोक अर्धे झाकले जाते. पॅडच्या दोन भोकांत पेन्सिलीचे दोन तुकडे उभे धरून त्यांच्यावरून डिस्क खाली सरकवली की ती प्रत्येक वेळी जागेवर बसते. १५० मिलिमीटरच्या पॅडमध्ये भोकांचे नमुने एकाहून अधिक आहेत, त्यामुळे डिस्क घेताना जुनी डिस्क सोबत न्यावी.

चौकोनी कागदाच्या ऑर्बिटल सँडरबाबत हा घोळ अधिक होतो. त्याच्यासोबत खोक्यात अनेकदा भोके पाडण्याची एक खिळ्यांची पट्टी येते, तिचा उपयोग काय हे कुणी सांगत नाही, आणि आठवड्याभरात ती कचऱ्यात जाते. ती हरवली असेल तर पॅडवर कोरा कागद ताणून वरून पेन्सिल घासावी, म्हणजे भोकांचा ठसा उमटतो. तो ठसा प्लायवर चिकटवून साचा करावा आणि चामड्याला भोक पाडण्याच्या पंचाने दहा-दहा कागद एकदम पाडून ठेवावेत.

सर्व बाजूंनी भोकेच असलेली जाळीची डिस्क आता मिळते, तिला भोके जुळवण्याचा त्रास नसतो आणि सागवानाच्या तेलकट भुकटीने ती कागदासारखी पटकन भरत नाही. तिच्याखाली पॅड वाचवणारा पातळ थर लावणे मात्र आवश्यक आहे, नाहीतर जाळीतून येणारी उष्णता आणि घर्षण पॅडचे वेल्क्रो खाऊन टाकते.

पॅडच्या वर, मशीनच्या पोटाशी, रबराची एक कडी असते. तिच्याकडे लक्ष जात नाही. पॅड मोकळे असताना भरमसाट वेगाने फिरू नये आणि ओढ कडेने वाया जाऊ नये, अशी दोन्ही कामे ती करते. सँडर हवेत धरून चालू केल्यावर पॅड भणाणत असेल आणि लाकडाला टेकताच गोल ओरखडा उठत असेल, तर ती कडी झिजली असे समजावे. हा सुटा भाग किरकोळ किमतीत मिळतो.

नळी आणि जोड

ओढीची परीक्षा तळहाताने घ्यावी. व्हॅक्यूमची नळी सँडरपासून सोडवून तोंडावर तळहात ठेवावा, मग नळी जोडून बंद सँडरच्या पॅडवर तळहात ठेवावा. पहिली ओढ दांडगी आणि दुसरी केविलवाणी असेल, तर गळती मधे कुठेतरी आहे. ती शोधण्यासाठी उदबत्ती फिरवण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण भुकटीने भरलेल्या पिशवीकडे हवा ओढली जात असताना जवळ निखारा नेणे हे मला पटत नाही. टिश्यू कागदाची पातळ पट्टी जोडाभोवती फिरवली तरी जिथे ती आत खेचली जाते तिथे गळती आहे हे कळते.

वॉशिंग मशीनच्या पाण्याची नळी वापरण्याचा मोह आम्हालाही झाला होता. ती स्वस्त असते, पण अरुंद असते आणि आतून कंगोऱ्यांची असते, त्यामुळे हवा तिथेच दमते. सँडरजवळ लवचीक नळी हवी हे खरे, पण ती गरजेपुरतीच लांब ठेवून पुढचा पल्ला जाड पाइपने गाठावा, आणि वळण काटकोनात एकदम न देता ४५ अंशांच्या दोन तुकड्यांनी द्यावे. कोरड्या दिवसांत, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारीत आणि अथणीसारख्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात, प्लास्टिकच्या नळीत स्थिर वीज साठून हाताला झटके बसतात आणि धूळही नळीला चिकटून राहते. त्यासाठी अँटिस्टॅटिक नळी घ्यावी.

सँडरचे तोंड आणि नळी यांचे माप क्वचितच जुळते. तात्पुरता उपाय म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्हींवर चढवून क्लिप आवळावी, आमचा असा जोड आठ महिने टिकला. कायमचा उपाय हवा असेल तर बेळगावकरांसारखे भाग्य कुणाचे नाही. उद्यमबाग या औद्योगिक भागात लेथची दुकाने एवढी आहेत की नायलॉनच्या दांड्यातून दोन मापे जोडणारा अडॅप्टर कातून घेणे हे चहा पिण्याएवढ्या वेळाचे काम आहे. तोंड किंचित निमुळते असते, म्हणून व्हर्निअरने दोन ठिकाणी माप घ्यावे, आतले आणि बाहेरचे, दोन्ही लिहून न्यावे. मी पहिल्या वेळी एकच माप नेले आणि अडॅप्टर पुन्हा कातावा लागला.

एक मोठा गैरसमज येथेच सांगितला पाहिजे. प्लॅनर आणि कटर मशीनला जोडलेला मोठ्या पिशव्यांचा डस्ट कलेक्टर दारात उभा असतो, तेव्हा त्यालाच रिड्यूसर, म्हणजे पाइपचे माप लहान करणारा तुकडा, लावून सँडर जोडावा असे वाटणे स्वाभाविक आहे. तो कलेक्टर जाड पाइपमधून भरपूर हवा कमी दाबाने हलवण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्यापुढे ३५ मिलिमीटरची नळी आली की हवा जवळजवळ थांबते. अरुंद नळीतून ओढायला व्हॅक्यूमचीच जोरकस ओढ लागते.

व्हॅक्यूम, फिल्टर आणि पाऊस

घरगुती झाडलोटीचा व्हॅक्यूम सँडरला जोडू नये, कारण त्यांपैकी अनेकांत मोटर थंड करणारी हवा आणि धूळ घेऊन येणारी हवा एकच असते. फिल्टर भरला की मोटरची हवा तुटते, आणि आमची एक मोटर याच रीतीने जळाली. ओल्या-कोरड्या दोन्ही कामांच्या व्हॅक्यूममध्ये मोटर थंड करण्याची हवा सहसा वेगळी असते. घेताना हे विचारून घ्यावे.

त्याच व्हॅक्यूममध्ये नुसता फिल्टर न ठेवता आत न विणलेल्या कापडाची पिशवी लावली, तर जो फरक पडतो तो मला कोणत्याही महागड्या सँडरने दिलेला नाही. पिशवी धुळीचा मोठा वाटा आधीच अडवते, फिल्टर आठवडे मोकळा राहतो आणि ओढ टिकते. नुसत्या फिल्टरवर चालणारा व्हॅक्यूम सकाळी चांगला ओढतो आणि दुपारी ढेपाळतो, आणि आपण दोष सँडरला देतो. हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणारा, बादलीवर बसवायचा सायक्लोनही उपयोगी आहे, पण सँडिंगची भुकटी रंध्याच्या छिलक्यांपेक्षा फार बारीक असल्याने तो सगळी अडवू शकत नाही. तो पिशवीचे ओझे हलके करतो, तिची जागा घेत नाही.

पावसाळ्यात हीच समस्या वेगळे रूप घेते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना खानापूर तालुक्यातल्या वर्कशॉपची जून ते सप्टेंबरमधली हवा सांगावी लागत नाही. ओलसर लाकूड घासले की भुकटी कागदावर गोळ्या होऊन बसते, फिल्टरवर तिचा लेप चढतो आणि कागदी पिशवी लिबलिबीत होऊन फाटते. गणपतीसाठी चौरंग आणि पाटांची घाई नेमकी याच दिवसांत असते. त्या काळात लाकडातील ओल मीटरने पाहून मगच अखेरचे सँडिंग करावे, फिल्टर रात्री व्हॅक्यूममधून काढून कोरड्या जागी ठेवावा आणि तो ब्रशने हलक्या हाताने झाडावा. कॉम्प्रेसरच्या फुंकीने झाडलेल्या फिल्टरचे कापड फाटते.

विजेकडेही पाहावे. ३०० वॉटचा सँडर आणि १,२०० वॉटचा व्हॅक्यूम मिळून २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतात, म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर दोन्ही चालवणे योग्य नाही. बारीक तारेची लांबलचक एक्स्टेन्शन असेल तर व्होल्टेज वाटेतच पडते, मोटरचा वेग उतरतो आणि ओढही उतरते. व्हॅक्यूमचा आवाज जड वाटू लागला की फिल्टरबरोबर तारही तपासावी.

ओढ जास्त झाली तर

हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण सगळे जोड नीट केल्यावर आमच्या पृष्ठभागावर गोल गोल रेषा उमटू लागल्या. ओढ एवढी वाढली होती की पॅड लाकडाला चिकटून बसत होते आणि त्याची फिरकी मंदावत होती. व्हॅक्यूमवर ओढ कमी करण्याची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर नळीच्या बाजूला एक भोक पाडून त्यावर सरकती पट्टी बसवावी. सँडर एका हाताने सहज सरकतो आणि तरीही सनमायकावर रेघ उमटत नाही, एवढी ओढ पुरे.

सर्व कड्या ठीक असूनही चौकटीच्या अरुंद पट्ट्या घासताना धूळ उडतेच. पॅडचा अर्धा भाग लाकडाबाहेर लोंबत असला की तिथली भोके मोकळी हवा ओढतात. यावर उपाय म्हणजे चार-पाच पट्ट्या एकमेकींना खेटून ठेवून, बाजूला त्याच जाडीची रद्दी फळी लावून, एकसंध पृष्ठभाग असल्यासारख्या घासणे. व्हॅक्यूम सँडरच्या आधी सुरू करावा आणि नंतर थोड्या वेळाने बंद करावा, म्हणजे नळीत उरलेली भुकटी मागे येत नाही.

आता मशीन घ्यायचेच असेल तर

पैसे मोजकेच असतील तर आधी व्हॅक्यूम घ्यावा आणि मग सँडर. दुकानदार हा क्रम उलटा सांगेल. चांगल्या व्हॅक्यूमला जोडलेला मध्यम सँडर हा नुसत्या पिशवीवर चालणाऱ्या उत्तम सँडरपेक्षा हवा स्वच्छ ठेवतो, कारण पिशवीवर चालताना सगळी ओढ मोटरच्या दांड्यावरच्या चिमुकल्या पंख्याची असते आणि पिशवी भरत जाते तसतशी तीही घटते.

फर्निचरच्या कामाला १२५ मिलिमीटरचा, आठ भोकांचा रँडम ऑर्बिटल सँडर, म्हणजे गोल पॅड फिरता फिरता थोडे हलतेही असा सँडर, पुरेसा आहे. मकिताचा बीओ५०३० हा ३०० वॉटचा असून मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर एकाच वेगाने चालतो. बॉशचा जीईएक्स १२५-१ एई हा २५० वॉटचा असून त्याचा वेग ७,५०० ते १२,००० पर्यंत बदलता येतो. पॉलिशआधी मारायच्या सीलरच्या थरांमध्ये हलके सँडिंग करणाऱ्याला बदलता वेग फार उपयोगी पडतो. दुकानात मी तीन गोष्टी पाहतो: धुळीचे तोंड गोल आहे की लंबगोल, पॅड आणि रबराची कडी सुटी मिळते का, आणि आठ भोकांची डिस्क त्याच दुकानात नेहमी असते का. लंबगोल तोंडाचे मशीन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, त्याला अडॅप्टर कातणारा लेथवाला वैतागतो.

वर्कशॉपसाठीच्या अनेक व्हॅक्यूमवर एल, एम किंवा एच असा धुळीचा वर्ग लिहिलेला असतो. एल वर्गात जास्तीत जास्त १ टक्का, एम वर्गात ०.१ टक्का आणि एच वर्गात ०.००५ टक्का धूळ फिल्टरमधून पलीकडे जाऊ शकते. लाकडासाठी एम वर्ग योग्य मानला जातो. तो परवडत नसेल तर एल वर्गाचा, पिशवी लावलेला व्हॅक्यूम घ्यावा आणि मास्क सोडू नये. मास्क तर एम वर्ग असतानाही हवाच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली, आणि त्याचा संबंध मुख्यतः नाक व नाकाभोवतीच्या पोकळ्यांशी आहे. शिसवी आणि सागवान यांच्या धुळीने अनेकांच्या कातडीला खाज सुटते, हे वेगळेच. नाकाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. एन ९५ किंवा एफएफपी २ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, आणि दाढीवर तो नीट बसत नाही.

एवढे करूनही आमच्या पॉलिशमध्ये कण येतच होते. त्याचे कारण सँडरशी संबंधित नव्हते. संध्याकाळी घरी जाताना आमचा पोऱ्या कॉम्प्रेसरच्या ब्लो गनने टेबल, कपडे आणि तुळया साफ करायचा, म्हणजे दिवसभर पकडलेली आणि न पकडलेली सगळी धूळ पुन्हा हवेत उडवून द्यायचा, आणि ती सकाळपर्यंत ओल्या पॉलिशवर येऊन बसायची. कॉम्प्रेसर आता फक्त पॉलिशच्या खोलीत, फवारणीच्या कामापुरता आहे. टेबल आणि तुळया आम्ही व्हॅक्यूमनेच ओढतो.

पिशवीतली भुकटी रोज संध्याकाळी वर्कशॉपबाहेर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी करावी, विशेषतः तेल किंवा पॉलिश लावलेले जुने लाकूड घासले असेल तर, कारण अशी भुकटी पिशवीत दाबून राहिली की ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ज्या व्हॅक्यूमने लाकडाची धूळ ओढतो, त्याने ग्राइंडरच्या लोखंडी ठिणग्या कधीही ओढू नयेत.

देव्हाऱ्याच्या नक्षीकामाला मात्र अजून आमच्याकडे उपाय नाही. महिरपीच्या खोबणीत कोणतेही पॅड जात नाही, तिथे कागदाची गुंडाळी करून हातानेच घासावे लागते, आणि ते काम आम्ही दार उघडून, व्हॅक्यूमची नळी खोबणीच्या तोंडाशी क्लँपने बांधून करतो. निम्मी धूळ तरी आत जाते.